बंद पडलेल्या कंपनीची देणी निस्तरून देणारे कार्यालय: दोन वर्षांचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी अकरा वर्षे चालली. तीन पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन, एके काळी बावीस व शेवटी चौदा कामगार, आणि वाहनांचे सुटे भाग घेणारे एकच मोठे गिऱ्हाईक, एवढाच तिचा पसारा होता. त्या गिऱ्हाइकाने २०२२ च्या दिवाळीनंतर काम दुसरीकडे वळवले आणि २०२३ च्या मार्चमध्ये मी व माझ्या भागीदाराने गाळ्याला कुलूप लावले. त्या दिवशी बँकेचे अडतीस लाख, पत्र्याच्या व्यापाऱ्यांचे आणि साचे बनवून देणाऱ्या टूलरूमचे मिळून सतरा लाख, कामगारांचा दीड महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधीचे दोन महिन्यांचे पैसे आणि जीएसटीची बाकी डोक्यावर होती. हे सारे निस्तरण्यासाठी आम्ही पुण्यातील एका नोंदणीकृत इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनलच्या, म्हणजे दिवाळखोरीची प्रकरणे हाताळणाऱ्या परवानाधारक व्यावसायिकाच्या, कार्यालयाची सेवा जवळजवळ दोन वर्षे घेतली. पुढे काही तक्रारीही मांडणार असल्यामुळे त्या कार्यालयाचे नाव येथे देत नाही.

त्याआधी आम्ही एका वेगळ्याच सल्लागाराकडे जाऊन आलो होतो, आणि ते सांगितल्याशिवाय या सेवेची किंमत कळणार नाही. ठरावीक रकमेत कंपनी ‘स्ट्राइक ऑफ’ करून देतो, मग तुम्हाला कोणी विचारणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. कंपनी कायद्याच्या कलम २४८ नुसार कंपनीचे नाव नोंदवहीतून काढण्यासाठी एसटीके-२ हा अर्ज दहा हजार रुपये शुल्क भरून करता येतो हे खरे आहे. पण आधी सर्व देणी फेडलेली असावी लागतात, आणि अर्जासोबत प्रत्येक संचालकाला शपथपत्र व हमीबंध द्यावा लागतो. साठ लाखांच्या घरात देणे असताना त्यावर सही करणे म्हणजे खोटे शपथपत्र करणे होते, शिवाय कंपनीचे नाव निघाले तरी संचालकांची जबाबदारी संपत नाही, असे तेच कलम सांगते. सल्लागाराने कागद तयार ठेवले होते आणि सही करायच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. माझ्या भागीदाराने पेन हातात घेतले होते. मी शपथपत्र वाचायला मागितले म्हणून आम्ही वाचलो.

दुसऱ्या कार्यालयात पहिल्या भेटीत ताळेबंद कोणी मागितलाच नाही. बँकेचे मंजुरीपत्र, जामीनपत्र, चेकबुकांची अर्धुके आणि व्यापाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार एवढेच त्यांनी आणायला सांगितले. तेथील साहेबांनी दोन रंगीत पेन्सिली घेतल्या आणि प्रत्येक सहीखाली रेघ ओढायला सुरुवात केली: कंपनीचा शिक्का असलेल्या सहीखाली हिरवी, शिक्का नसलेल्या सहीखाली लाल. मंजुरीपत्राच्या शेवटच्या पानावर ‘जामीनदार’ या शब्दापुढे माझ्या पत्नीची सही निघाली आणि तिच्याखाली लाल रेघ आली. २०१६ साली ती शाळेच्या मधल्या सुट्टीत बँकेत येऊन सही करून गेली होती. आपण तेव्हा नेमके काय लिहून दिले, हे तिला सात वर्षांनी त्या टेबलाशी कळले. ती काही बोलली नाही, फक्त तो कागद तिने स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण मला येथेच दिसला. कोणते देणे कंपनीचे आहे आणि कोणते आपल्या अंगावर आहे, हे त्यांनी पहिल्या तासाभरात वेगळे करून दाखवले. पत्र्याच्या व्यापाऱ्यांची उधारी कंपनीच्या नावावर होती, त्यामुळे कायद्याने ती आमच्या घरापर्यंत पोहोचत नव्हती. बँकेची गोष्ट निराळी होती, कारण आम्ही वैयक्तिक जामीन दिला होता. कंपनीला दिवाळखोरी संहितेखाली वसुलीपासून मिळणारी स्थगिती जामीनदाराला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. १ डिसेंबर २०१९ पासून अशा जामीनदारावर राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे स्वतंत्र दिवाळखोरीचा अर्जही करता येतो, आणि ती तरतूद २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. जीएसटीची बाकी कंपनीकडून वसूल झाली नाही, तर ती आपल्या घोर हयगयीमुळे थकलेली नाही हे खासगी कंपनीच्या संचालकांनाच सिद्ध करावे लागते. कामगारांच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी न भरणे हे तर फौजदारी प्रकरण होऊ शकते. आणि टूलरूमला पुढच्या तारखांचे दोन चेक मी स्वतःच्या सहीने दिले होते. कंपनीला स्थगिती मिळाली तरी चेकवर सही करणाऱ्यावरचा कलम १३८ चा, म्हणजे चेक न वटल्याचा, खटला थांबत नाही. म्हणून कामगारांचे पगार व ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, ते दोन चेक आणि जीएसटी यांना त्यांनी सर्वांच्या आधी घेतले. गाळ्याची परत मिळालेली अनामत आणि भागीदाराने विकलेली गाडी त्यातच संपली.

दिवाळखोरी संहितेच्या कलम १० खाली कंपनीनेच न्यायाधिकरणाकडे जावे का, हा प्रश्न मी विचारला होता. पण त्यासाठी २०२० पासून किमान एक कोटीची थकबाकी लागत होती, आणि आमची तेवढी नव्हती. शिवाय मुंबईत कफ परेडला ते न्यायाधिकरण आहे, तिथे अर्जाचेच शुल्क पंचवीस हजार आहे, आणि कंपनी अवसायनात निघाल्यावर, म्हणजे ती गुंडाळून तिची मालमत्ता विकल्यावर, जमा झालेल्या पैशातून सर्वांत आधी प्रक्रियेचाच खर्च वळता होतो, असे साहेबांनी समजावून सांगितले. आमची यंत्रे विकून जेमतेम अकरा लाख येणार होते. तो मार्ग उघडा असता तरी त्यातला बराच भाग प्रक्रियेत गेला असता, बँकेच्या हाती थोडे पडले असते आणि व्यापाऱ्यांच्या हाती बहुधा काहीच पडले नसते. त्या मार्गाची आशा दाखवून आमच्याकडून फी घेणे त्यांना जमले असते, तरी त्यांनी तसे केले नाही, याची मी आदराने नोंद करतो.

आणखी एका ठिकाणी त्यांनी मला वेळीच अडवले. मेहुण्यांनी अडचणीच्या काळात कंपनीला चार लाख दिले होते आणि पहिले पैसे हाती येताच ते परत करावेत असे मला वाटत होते. कंपनी पुढे अवसायनात गेली, तर नातेवाइकांना आधीच्या दोन वर्षांत इतरांना डावलून दिलेले पैसे परत मागवता येतात, हे त्यांनी मेहुण्यांना माझ्यासमोर बसवून सांगितले. मेहुणे म्हणाले, “माझं शेवटी बघा.” माझ्या तोंडून ते मला कधीच बोलता आले नसते.

आता तक्रारी. बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखालील साठ दिवसांची नोटीस आली, तेव्हा पंधरवड्यात उत्तर पाठवतो असे कार्यालयाने सांगितले होते. प्रत्यक्षात ते सत्तावन्नाव्या दिवशी गेले. काम पाहणारा मुलगा मध्येच नोकरी सोडून गेला आणि आमची फाईल कोणाकडेच नव्हती. राहते घर तारण असलेल्या कुटुंबाचे असे बेचाळीस दिवस जातात तेव्हा रात्री घरात कोणाला झोप नसते, आणि याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली ती मी विचारल्यावर. दुसरे असे की सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत होता. ज्या जामीनदाराला आपण कशावर सही केली हे न कळल्यामुळे एवढे घडले, तिच्याचपुढे पुन्हा इंग्रजी मसुदा ठेवावा हे मला फार खटकले. आग्रह धरल्यावर मराठी प्रत मिळू लागली, पण ती पहिल्यापासून मिळायला हवी होती. तिसरे, एकरकमी तडजोडीनंतर क्रेडिट रिपोर्टमध्ये कर्ज ‘क्लोज्ड’ नव्हे तर ‘सेटल्ड’ असे दिसते आणि पुढे कर्ज मिळणे अवघड होते, हे आम्हाला बँकेत पैसे भरल्यानंतर कळले. आमचा निर्णय त्याने बदलला नसता, तरी ते आधी सांगणे त्यांचे काम होते.

वसुलीच्या फोनांपुरती मात्र त्यांची मदत तत्काळ झाली. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट २०२२ चे परिपत्रक होते. त्याचा उल्लेख करून एक पत्र गेले आणि रात्रीचे फोन थांबले. बँकेशी तडजोड एकोणतीस लाखांवर झाली. यंत्रे बँकेच्या लेखी संमतीने विकली आणि उरलेली रक्कम तळेगावची मोकळी जागा विकून भरली.

राहिले पत्र्याचे व्यापारी. भवानी पेठेतील ज्या शेठजींकडून आम्ही पहिल्या दिवसापासून माल उचलला, त्यांचे सात लाख होते. कार्यालयाचा माणूस सोबत येणार होता, पण मी एकटाच गेलो. शेठजींनी वही उघडली, आमचे पान काढले आणि म्हणाले, “कंपनी कोण ते मला ठाऊक नाही. माल तुम्ही मागितला होता.” मी निम्मे पैसे आणले होते. त्यांनी कंपनीच्या नावे संपूर्ण भरपाईची पावती दिली आणि उरलेले साडेतीन लाख मी माझ्या नावावर, माझ्या सहीने, हप्त्यांनी द्यायचे लिहून दिले. असे केल्यास हे देणे माझ्या अंगावर येईल, कायद्याने मला त्याची गरज नाही, असा इशारा कार्यालयाने मला दोनदा लेखी दिला आणि त्यानंतर मसुदा चोख करून दिला. आम्हाला हवे होते ते नेमके हेच होते: काय देणे भाग आहे हे त्यांनी सांगावे, आणि त्यापलीकडे काय द्यायचे ते आम्ही ठरवावे. इतर व्यापाऱ्यांशीही अशाच तडजोडी झाल्या.

सर्व पावत्या हाती आल्यावर बँकेच्या ना-हरकत पत्रावरून सीएचजी-४ हा अर्ज भरून कंपनीच्या तारणाची नोंद मिटवली, कारण ती उभी असताना नाव काढण्याचा अर्ज करता येत नाही. मग तोच एसटीके-२ अर्ज केला, या वेळी शपथपत्रातला शब्दन् शब्द खरा होता. पूर्वी हे अर्ज आकुर्डीच्या निबंधक कार्यालयात पाहिले जात. मे २०२३ पासून ते हरियाणातील मानेसरच्या केंद्राकडे जातात, त्यामुळे चकरा मारण्याचा प्रश्न आला नाही.

कार्यालयाची फी सगळी मिळून एक लाख ऐंशी हजार झाली. जीएसटीचे काम त्यात धरलेले नव्हते आणि ते आधी स्पष्ट सांगितले गेले नाही. नव्याने जाणाऱ्याने कामांची यादी आणि फी पहिल्याच दिवशी कागदावर घ्यावी, आणि जामीनपत्राची प्रत घरात नसेल तर ती बँकेकडून आधी मागून घ्यावी. ज्याने कुठेही वैयक्तिक सही केलेली नाही, त्याला एवढ्या खर्चाच्या सेवेची गरज नसावी. ज्याने केली आहे, त्याने गाळ्याला कुलूप लावण्यापूर्वीच जावे. आम्ही तीन महिने उशिरा गेलो, आणि त्या तीन महिन्यांचे व्याज तडजोडीच्या बोलणीत आम्हाला पदोपदी नडले.

घराचे मूळ खरेदीखत बँकेकडून परत आले तेव्हा पत्नीने ते स्वतः मोजून घेतले, सत्तावीस पाने. मी आता चाकणच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन पाहतो. शेठजींचे नऊ हप्ते राहिले आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला पगारातून ते जातात आणि भवानी पेठेतल्या वहीत, आता माझ्या नावाच्या पानावर, चढतात.