हेडलाइटची काच चमकली, पण रस्ता दिसेना

वडिलांचं डायलिसिस जळगावला असतं, आठवड्यातून दोनदा. आम्ही चोपड्याचे. दुपारी कॉलेज सुटलं की त्यांना घेऊन निघायचं आणि परतताना रात्र ठरलेली. विदगावच्या पुलावरून तापी ओलांडायची, मग धानोरा, अडावद, दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा आणि मधे काळाकुट्ट रस्ता. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की माझ्यासाठी हेडलाइट ही शोभेची वस्तू नव्हती.

आमची वॅगनआर दहा वर्षं जुनी. घरासमोर सावली नाही, गाडी बाराही महिने उन्हात. हेडलाइटची काच पिवळट, दुधाळ झाली होती. काच म्हणतो आपण, पण ते असतं पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक. त्यावर कंपनीने अतिनील किरणांपासून वाचवणारा पातळ थर दिलेला असतो. तो उडाला की ऊन थेट प्लास्टिकला खातं आणि आपल्याकडचं ऊन कसं आहे हे जळगाव-भुसावळवाल्यांना सांगायला नको.

गेल्या मे महिन्यात जळगावात रस्त्याच्या कडेला फलक दिसला, ‘हेडलाइट नवे करून मिळतील, १० मिनिटांत’. थांबलो. तिथल्या माणसाकडे नळी असलेला स्टीलचा पेला होता, खालून विजेवर तापणारा. त्यात त्याने बाटलीतलं थोडं पाण्यासारखं द्रव ओतलं आणि नळीतून निघणारी वाफ काचेच्या अर्ध्या भागावरून फिरवली. गोडसर उग्र वास आला आणि डोळ्यांदेखत दुधाळपणा गेला. “भाऊ, हात लावी देखा,” तो म्हणाला. अर्धी काच जुनी, अर्धी आरशासारखी. असं शेजारी शेजारी दाखवल्यावर कोण नाही म्हणेल? द्रव कसलं म्हणून विचारलं तर “बाहेरचं नॅनो लिक्विड” असं उत्तर आलं. दोन वर्षांची तोंडी गॅरंटी. ६०० रुपये.

मग त्याने माझ्या बल्बकडे बोट दाखवलं. “एवढी काच चमकवली आणि आत हे पिवळे दिवे? सहा हजार ‘के’ टाका. ‘के’ जितके जास्त तितका उजेड जास्त.” त्याने दोन्ही दिवे टपरीतल्या पांढऱ्या पत्र्यावर, जेमतेम दहा फुटांवरून पाडून दाखवले. पांढरा एलईडी खरोखर झगझगीत दिसला. २,८०० रुपयांना जोडी घेतली. माझे जुने हॅलोजन त्याने आपल्या डब्यात टाकले, “हे आता तुमच्या काय कामाचे” म्हणत. पैसे रोख दिले. बिल मागितलं तर म्हणाला, मी इथंच असतो रोज.

मी गणित शिकवतो. ‘के’ म्हणजे काय मोजतात, एवढं तरी मी त्याला विचारायला हवं होतं.

‘के’ म्हणजे केल्विन. तो प्रकाशाचा रंग सांगतो, प्रमाण नाही. साधा हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास, पिवळसर. ६००० म्हणजे निळसर झाक असलेला पांढरा, ८००० म्हणजे सरळ निळा. प्रकाश किती, हे ल्युमेनमध्ये मोजतात. माझ्या गाडीत एच-४ प्रकारचा बल्ब बसतो, हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५ वॅटचा. त्याच्या लो बीमचा, म्हणजे जवळच्या रस्त्यावर खाली पडणाऱ्या झोताचा, ठरलेला प्रकाश सुमारे १,००० ल्युमेन. निळा मुलामा दिलेला हॅलोजन घेतलात तर तो मुलामा उलट प्रकाश गाळून कमीच करतो.

सुरुवातीचे काही दिवस मी खूश होतो. रस्त्याकडेच्या पाट्या लखलखायच्या. समोरचे ट्रकवाले सारखे डिपर मारायचे आणि मला वाटायचं, माझा उजेड किती जोरदार! त्यांच्या डोळ्यांवर मी काय फेकत होतो याचा विचार तेव्हा केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

जुलैत पाऊस लागला. ओल्या डांबरावर तो पांढरा प्रकाश जणू बुडून जायचा. समोरच्या थेंबांवर चमक दिसायची, कडेची साइडपट्टी दिसत नव्हती. धानोऱ्याच्या पुढे एका रात्री मोकाट बैल रस्त्यात उभा. तो मला दिसला तेव्हा मधे दोन गाड्यांचं अंतरही नव्हतं. ब्रेक दाबला, गाडी घसरली, थांबली. वडिलांच्या ज्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला नसा जोडून केलेली जागा, तोच हात डॅशबोर्डवर आपटला. रक्त आलं नाही, देवाची कृपा. ते एवढंच म्हणाले, “तुले बैल दिसना नही का रे?” त्यांना दिसला होता, मोतिबिंदू काढलेल्या डोळ्यांनी, बाजूच्या खिडकीतून.

दुसऱ्याच दिवशी चोपड्यातल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने संध्याकाळी गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली आणि लो बीम लावला. म्हणाला, “सर, रेघ दाखवा मला.” चांगल्या लो बीमची भिंतीवर वरची कड स्पष्ट कापलेली दिसते. खाली उजेड, वर अंधार. माझ्या भिंतीवर रेघच नव्हती, सगळीकडे पसरट पांढरं. एच-४ मध्ये लो बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, ती ही रेघ पाडते. रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. स्वस्त एलईडीची चिप त्या जागेवर बसत नाही. मग प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांच्या शेंड्यांवर जातो. शिवाय हा गाडीच्या मूळ रचनेतला बदल, आरटीओने धरलं तर वेगळंच.

त्याने त्याच दिवशी साधे ६०/५५ वॅटचे हॅलोजन बसवले. जोडी ५०० रुपयांना.

काचेचं खरं रूप सप्टेंबरात कळलं. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, दोन्ही काचांवर, काही आत खोल गेलेल्या. आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमना वासाचं वर्णन सांगितलं. त्यांनी प्रयोगशाळेतून डायक्लोरोमिथेन नावाचं द्रव आणलं आणि जुन्या सीडीच्या तुकड्यावर चार थेंब टाकले. सीडीही पॉलिकार्बोनेटचीच. तुकडा तिथं चिकट, मऊ झाला. वास तोच होता. हे द्रव चाळीस अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलं तरी उकळेल. त्याची वाफ काच स्वच्छ करत नाही, वरचा थर विरघळवून सपाट करते, म्हणून ती तात्पुरती पारदर्शक दिसते. नंतर आतल्या ताणाने ती तडकते. उन्हापासून वाचवणारा थर तर त्यात नसतोच. ती वाफ छातीत जाणंही घातक, आणि तो माणूस दिवसभर तोंडाला रुमालही न बांधता ती हुंगत होता.

मेकॅनिक म्हणाला, आधी आणली असती तर ८००, १५००, २०००, ३००० नंबरचे, एकाहून एक बारीक वॉटर पेपर (घासायचे कागद) पाणी घालत क्रमाने फिरवून, पॉलिशचं कंपाउंड मारून, वर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट दिला असता. दोन तासांचं काम. आता भेगा खोल आहेत, घासून जाणार नाहीत. दोन्ही हेडलाइट नवे बसवावे लागले, फिटिंगसह ७,२०० रुपये.

टपरीवाल्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, “तुम्ही उन्हात उभी केली असेल. मी तुम्हाला ओळखत नाही.” ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फिरवायचा, तर हातात ना बिल, ना ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद. निदान तुम्ही अशा ठिकाणी रोख देऊ नका. आणि बाटलीतलं द्रव तापवून वाफ मारताना कुणी दिसला, तर अर्धी काच कितीही चमकलेली असो, गाडी सुरू करा आणि निघा.