जुन्या मॅसी 35 च्या नावाखाली 1,21,200 रुपयांना गंडा: ट्रॅक्टर जमवणाऱ्यांनी वाचाच

माझे एक लाख एकवीस हजार दोनशे रुपये गेले आणि बदल्यात दारात एक नटसुद्धा आला नाही. हे लिहिताना लाज वाटते आहे, घरात सगळ्यांना अजून पूर्ण आकडाही माहीत नाही. तरी लिहितो आहे, कारण जुने ट्रॅक्टर आणि त्यांची अवजारं जमवणारी आपल्यासारखी माणसं हेच या टोळीचं नेमकं गिऱ्हाईक आहे. आपल्याला काय हवं असतं, कशावर आपला जीव अडकतो, हे त्यांना पाठ आहे.

मी बरीच वर्षं मॅसी फर्ग्युसन 35 शोधत होतो, तोही तीन सिलिंडरचा. या मॉडेलचा डिझेल ट्रॅक्टर सुरुवातीला स्टँडर्ड कंपनीच्या चार सिलिंडरच्या 23सी इंजिनावर यायचा. थंडीत ते इंजिन सुरू करताना नाकी नऊ यायचे, म्हणून 1959 च्या अखेरीस पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवायला लागले. आपल्याकडचा मॅसी 1035 याच 35 च्या वंशातला. आपल्याकडच्या सिम्पसन कंपनीचं तीन सिलिंडरचं इंजिनही पर्किन्सच्याच घराण्यातलं, त्यामुळे लायनर, पिस्टन, गॅस्केट कुठून तरी जमतात. चार सिलिंडरवाला घेतला तर एकेका भागासाठी भंगार बाजार पालथे घालावे लागतात. ज्याने एक तरी ट्रॅक्टर उघडून पुन्हा उभा केला आहे त्याला हा फरक किती मोठा आहे ते कळेल.

जाहिरात शेजारच्या राज्यातली होती. 35, तीन सिलिंडर, सोबत दोन फाळी नांगर, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) बसणारी बेल्ट पुली आणि गवत कापायचा कटर बार. सगळं मिळून 1,85,000 रुपये. बेल्ट पुली बघितली आणि माझा निम्मा विरोध तिथेच गळाला. पूर्वी यावर पट्टा चढवून गिरणी, कडबा कुट्टी चालवायचे. आज बहुतेक पुल्या भंगारात गेल्या. फोन केला तर माणूस गोड बोलणारा. आजोबांनी घेतलेला ट्रॅक्टर, आता वाटण्या झाल्या, भावांना जागा मोकळी हवी आहे, “दादा, भंगारवाल्याला देण्यापेक्षा जपणाऱ्या माणसाच्या हातात जाऊ दे.” फर्ग्युसनचा जुना पाना आहे का म्हणून मी मुद्दाम विचारलं. थोड्या वेळाने त्याने पान्याचा फोटो पाठवला, इंचाच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. अवजार जोडायला आणि नांगराची खोली मोजायला एकच पाना पुरावा म्हणून कंपनीने त्यावर त्या खुणा दिल्या होत्या. हे ठाऊक असलेला माणूस खोटा कसा असेल, असं मला वाटलं. तो फोटो त्याने कुठून उचलला हे आता कोण शोधणार!

मी आंधळेपणाने पैसे पाठवले असं कोणी म्हणू नये. आरसीचा फोटो मागितला, नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला. वाहनाचा प्रकार कृषी ट्रॅक्टर, नावाची अर्धवट दिसणारी अक्षरं आधार कार्डाशी जुळणारी, बँकेचा बोजाही दाखवलेला. पुढे कळलं की आरसी आणि आधार दोन्ही खरे होते, फक्त ते भलत्याच माणसाचे होते. त्या बिचाऱ्यालाही कधी तरी असंच गंडवून कागद काढून घेतले असतील. म्हणून सांगतो, आरसी खरी निघाली म्हणजे विकणारा खरा ठरत नाही. ॲप तुम्हाला ट्रॅक्टरची नोंद दाखवतं, फोनवर बोलणारा कोण आहे ते दाखवत नाही.

टोकन म्हणून 11,000 दिले. मग बँकेचा बोजा उतरवून फॉर्म 35, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद घ्यायचा म्हणून 64,000. मग गाडीभाडं 28,500. शेवटी दुसऱ्या राज्यात न्यायची एनओसी, फॉर्म 28, त्यासाठी 17,700. उरलेले 63,800 ट्रॅक्टर दारात उतरल्यावर द्यायचे होते, आणि याच वाक्याने माझी शंका मरत गेली. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पैसे आपल्याच हातात आहेत असं वाटत राहतं, आणि तेवढ्यात बाकीचे निघून जातात.

आता जो क्षण मला झोपू देत नाही तो सांगतो. बोजाचे 64,000 पाठवण्याआधी मी चालू इंजिनाचा व्हिडिओ मागितला. आला. सायलेन्सरमधून धूर, बोनेट थरथरतंय, कॅमेरा इंजिनाच्या बाजूने फिरतो आणि डिझेल पंपावर क्षणभर थांबतो. पंपातून नोझलकडे जाणाऱ्या नळ्या चार होत्या. जाहिरातीतल्या फोटोत तीन. चार नळ्या म्हणजे चार सिलिंडर, यात वाद नाही. मी ते पाहिलं. आवाजही वेगळा होता, तीन सिलिंडरचा ठेका कानाला लगेच कळतो. व्हिडिओ थांबवून नळ्या मोजल्या आणि त्याला विचारलं. तो एका दमात म्हणाला, “दादा, तो घाईत शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरचा गेला, आपल्याची बॅटरी उतरलीय, उद्या टाकतो.” दुसऱ्या दिवशी आला तो इंजिनाचा एक स्थिर फोटो, तीन नळ्यांचा. आणि मी पैसे पाठवले.

तिथेच थांबायला हवं होतं. एका गावात दोन 35 शेजारी शेजारी, हे पटण्यासारखं होतं का? पण माझी बाजूही ऐका. जुन्या ट्रॅक्टरांत इंजिनं बदललेली असतात, एकाचा गिअरबॉक्स दुसऱ्याला, तिसऱ्याचं बोनेट चौथ्याला, हे आपण रोज बघतो. विसंगती दिसली म्हणजे लबाडी, असा नियम लावला तर या छंदात एकही ट्रॅक्टर घेता येणार नाही. त्याने नेमका याचाच फायदा उठवला. त्यामुळे यापुढे विसंगती दिसली की पुढचा रुपया प्रत्यक्ष ट्रॅक्टरला हात लावल्यावरच. व्हिडिओ कॉलवर इंजिन आणि चॅसीवरचा ठोकलेला नंबर ओल्या फडक्याने पुसून दाखवायला सांगा, त्याच वेळी, फोन न ठेवता. बॅटरी उतरलेली असली तरी नंबर पुसून दाखवायला बॅटरी लागत नाही.

यूपीआयवर पैसे पाठवताना समोर आलेलं नाव आरसीवरच्या नावापेक्षा वेगळं होतं. “मुलाचं खातं आहे” म्हणाला. मालकाच्या नावाच्या खात्याशिवाय कुठेही पैसे टाकू नका. आणि एनओसीची फी परिवहनच्या संकेतस्थळावर भरली जाते, तिथेच पावती निघते. कुठल्याही आरटीओची फी कोणा मुलाच्या यूपीआयवर जात नाही.

गाडी घाटात बंद पडली, चालकाचा अपघात झाला, आता विम्याचे आणखी भरा, असं सुरू झालं तेव्हा मी सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन लावला. पैसे लगेच अडवायचे तर ही हेल्पलाइन त्याच तासात गाठावी लागते. मी गाठली तोवर रक्कम तीन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघाली होती. होल्डवर लागले फक्त 9,340 रुपये, आणि तेही मिळवायला कोर्टाचा आदेश आणा असं सांगण्यात आलं.

पोलीस ठाण्यात मला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. मग ठाणे अंमलदार म्हणाले, “अहो, तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, माल आला नाही, ही दिवाणी बाब आहे.” खोट्या ओळखीने, दुसऱ्याचे कागद दाखवून पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) मध्ये फसवून मालमत्ता काढून घेण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी तो कागद छापून नेला होता, त्यांनी तो हातातही घेतला नाही. आरोपी परराज्यात, तिकडे जा, म्हणाले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 म्हणतं की गुन्हा कुठेही घडला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात द्यायची.  सायबर विभागाने ठाण्याकडे बोट दाखवलं, ठाण्याने सायबरकडे. “काका, इथे कोटींची प्रकरणं पडून आहेत,” असं एका पोरसवदा कर्मचाऱ्याने मला ऐकवलं. ज्याने हे पैसे साठवले त्याला हे लाखभर कोटीइतकेच जड आहेत, हे या लोकांना कोणी सांगायचं?

बँकेतही तेच. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकातलं संरक्षण ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे, तुम्ही पिन स्वतः टाकलात, एवढं बोलून त्यांनी हात झटकले. मग ज्या खात्यात पैसे गेले ते खातं खोट्या माणसाला उघडून कोणी दिलं? केवायसी नेमकी कोणाची झाली? शाखेतल्या साहेबांकडे याला उत्तर नव्हतं, नोंदवहीत लिहून घ्यायची तयारीही नव्हती. माझ्या खात्यातला पत्ता बदलायचा तर हेच लोक चार ओळखपत्रं मागतात.

शेवटी त्याच संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवला, पोचपावती जपून ठेवली आहे. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर तुम्हीही हेच करा. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, माझा वकिलाशी तोच विचार चालू आहे. चॅट, व्हिडिओ, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक काहीही पुसू नका, रागाच्या भरात नंबर ब्लॉकही करू नका.

परवा तेच फोटो दुसऱ्या नावाने, 1,60,000 रुपयांना पुन्हा विक्रीला लागलेले दिसले. ओळख सांगतो: लाल बोनेट, डाव्या मडगार्डवर वेल्डिंगची आडवी रेघ, मागे शेणाने सारवलेल्या भिंतीला टेकवलेली बेल्ट पुली, आणि पुलीच्या कडेचा एक टवका उडालेला. हा फोटो समोर आला तर टोकनसुद्धा देऊ नका, आणि पैसे दिले असतील तर आत्ता 1930 ला फोन लावा.