अडीच किलोच्या प्लेटा गेल्या कुठं? स्वस्तातल्या जिमचे माझे नऊ महिने

खांदा धरला म्हणून मार्चमध्ये हे लिहायला बसलेलो. आता नऊ महिने झाले या जिमला. मशिनी कुठल्या, एसी चालतो का, टायमिंग काय हे बेळगावात आता सगळ्यांना ठाऊक आहे, चार ब्रँच झाल्यात त्यांच्या, त्यामुळं त्यात शिरत नाही. मला फक्त अडीच किलोच्या प्लेटांबद्दल बोलायचंय आणि कुणाला ही बारीक गोष्ट वाटत असेल तर त्यानं एकदा हिशोब करून बघावा.

प्लेटा घालायचा लोखंडी बार 20 किलोचा. आमच्या टिळकवाडीच्या ब्रँचला तेव्हा सगळ्यात लहान प्लेट पाचची, ती दोन्हीकडं घातली की थेट 30. म्हणजे शोल्डर प्रेसला, खांद्यावरनं बार डोक्यावर ढकलायच्या व्यायामाला, जो माणूस नुसता बार उचलतोय त्याला पुढच्या पायरीला एकदम दीडपट वजन. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर झोपून छातीवरनं बार ढकलताना, 40 झालं की पुढं 50 च, मधलं 45 नाहीच. अडीचची जोडी असती तर पाच-पाचनं चढता आलं असतं, सव्वाची असती तर अडीचनं. माझं वय 41, दिवसभर उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर उभा असतो, मला दहा-दहा किलोच्या उड्या झेपत नाहीत, झेपवायला गेलो आणि उजवा खांदा दुखावून बसलो. तीन आठवडे हात वर होत नव्हता.

आता पैशाचं. 2025 ला गणपतीची ऑफर होती, चतुर्थी 27 ऑगस्टला, त्याच्या दोन दिवस आधी मी वर्षाचे 7,000 भरले, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 1,260. पुढं 22 सप्टेंबरला, घटस्थापनेदिवशीच, जिमचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. माझ्या मेव्हण्यानं दसऱ्याला तीच मेंबरशिप 7,350 ला घेतली, मला 8,260 पडलेली. 910 रुपये जास्त! रिसेप्शनला विचारलं तर म्हणाले पावती आणि पैसे दोन्ही आधीचे, जुनाच रेट लागणार. नियम तसाच आहे, मी आमच्या अकाउंटंटकडनं खात्री करून घेतली, त्यामुळं त्यात जिमची चूक नाही. मॅनेजर आणखी एक म्हणाला, 5 टक्क्यांत त्यांना मशिनींवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो टॅक्स वजा करून घेता येत नाही. हेही खरंच आहे. तरी ते 910 मनातनं जात नाहीत.

सुरुवातीला जिम झकासच होतं, हे सांगितलंच पाहिजे. अडीचच्या आठ प्लेटा होत्या, मी मोजलेल्या. प्रत्येक प्लेटीच्या भोकाजवळ पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका. दिवाळीनंतर वडगावची ब्रँच उघडली, आठाच्या चार झाल्या. संक्रांतीच्या सुमारास निपाणी उघडली, दोन राहिल्या. फेब्रुवारीत खानापूर, आणि रॅकची ती खुंटी रिकामी. नुसत्या प्लेटा नाहीत, 12.5 ची डंबेल जोडी गेली, चांगली रोइंग मशीन गेली, सकाळच्या बॅचचा ट्रेनर पण गेला. विचारलं की एकच उत्तर, "सर, न्यू ब्रँच आहे नव्हे, नेक्स्ट वीक येतंय." अ‍ॅपवर तीनदा तक्रार टाकली, तिन्ही वेळा चोवीस तासांत 'निकाली' म्हणून बंद. मेसेज येतात ते कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये, मराठीत एकही नाही, आणि सकाळी सहाच्या बॅचला निम्म्याहून जास्त लोक मराठी बोलणारे असतात.

स्वस्त जिमचं गणित मला कळतं. जागा दीडशे माणसांची, मेंबर हजार करायचे, जे येत नाहीत त्यांच्या पैशावर येणाऱ्यांना स्वस्त पडतं. अमेरिकेत प्लॅनेट फिटनेसनं याच हिशोबावर वर्षानुवर्षं महिना 10 डॉलर ठेवले, 2024 मध्ये नवीन मेंबरना 15 केले. पण आमच्या इथं दुसरंच चाललंय असं मला वाटायला लागलेलं, की नव्या ब्रँचा जुन्या ब्रँचीच्या अंगावरचं काढून उभ्या करताहेत. आणि त्याची भीती वाटते. तळवलकर जिम म्हणजे 1932 पासूनचं नाव, 2010 ला शेअर बाजारात गेलं, 2019 मध्ये कर्जाचं व्याज थकलं आणि मग शटरं पडली. वर्षाचे पैसे आधी भरणाऱ्यानं काय करायचं अशा वेळी?

इथवर मार्चमध्ये लिहून ठेवलेलं. एक स्टार देणार होतो.

एप्रिलमध्ये कंपनीच्या कामानं पाच आठवडे खानापूरला जावं लागलं. जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर, संध्याकाळी परत येईपर्यंत आमचं जिम गर्दीनं फुल्ल. म्हटलं खानापूरच्या ब्रँचला बघू, कार्ड चालतं का. चाललं, एक रुपया जादा नाही. आत गेलो आणि रॅकवर पिवळ्या ठिपक्याच्या प्लेटा. आठातल्या दोन. मी हातात घेऊन बघत उभा राहिलो तर मागनं आवाज, "काय शोधुलालास मामा?" जांबोटीकडचा पोरगा, वीस-बावीसचा. त्याला सांगितलं या प्लेटा आमच्या. तो म्हणाला, "असू देत की मामा, आम्हाला आधी बेळगावला यायला लागायचं, बसचंच भाडं जिमपेक्षा जास्त व्हायचं." त्याच्या बरोबरचे चौघं, सगळे गावाकडनं सायकल-मोटारसायकलवर येणारे. आणि तिथला ट्रेनर म्हणजे आमचाच सकाळचा, कंग्राळीचा, कुस्ती खेळलेला माणूस. त्यानं माझा खांदा बघितला, प्रेस बंद करायला लावली, पंधरा दिवस रबर बँड आणि हलके जोर, तालमीत घालतात तसे, हात फार रुंद न ठेवता. खांदा सुटला. हे मी कधी विसरणार नाही.

त्यामुळं राग निम्मा झाला, खरं निम्माच. पोरांना जिम मिळालं पाहिजे, त्यासाठी आमच्या प्लेटा काढायची गरज नव्हती. बेळगावात, उद्यमबागेत एवढ्या फाउंड्र्या आहेत, बीड, म्हणजे कास्ट आयर्न, ओतायचं काम आमच्या रोजच्या जेवणासारखं, आणि या शहरातल्या जिमला अडीच किलोचं बीड मिळू नये? मी शेवटी मॅनेजरला लिहून दिलं, की आमच्या शेजारच्या फाउंड्रीत ओतून, लेथवर भोक माझ्या हातानं मारून, वजनकाट्यावर तोलून देतो, तुम्ही फक्त मालाचे पैसे द्या. पहिल्यांदा नाही म्हणाला, हेड ऑफिसची परवानगी लागते. दोन आठवड्यांनी फोन आला, करा म्हणून.

आठ अडीचच्या आणि चार सव्वाच्या करून दिल्या, गेल्या सोमवारी रॅकला लागल्या. ठिपका हिरवा मारलाय. बेंचला 42.5 मारले, नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

तीन स्टार. ऑगस्टला रिन्यू करीन ते तीन-तीन महिन्यांचंच, वर्षाचं नाही, सहामाही पण नाही. पाचवी ब्रँच चिक्कोडीला होणार म्हणे. काल रात्री निघताना मोजल्या, बाराच्या बारा होत्या.