मायग्रेनची जेलवाली आईस कॅप: घ्या, पण आधी हे वाचा

ऑनलाईन कुठेही मायग्रेन टाईप केलं की ही काळी टोपी समोर येतेच. ताणलं जाणारं कापड, आत सगळीकडून जेल, फ्रीझरमध्ये ठेवायची आणि डोकं ठणकायला लागलं की कपाळावरून खाली ओढून डोळे झाकून घ्यायचे. मला साडेपाचशेला पडली. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण मैत्रिणींकडे वेगवेगळ्या नावाच्या टोप्या बघितल्या तर शिलाईसकट सगळ्या सेम टू सेम, लेबल तेवढं वेगळं. पाचपैकी साडेतीन स्टार देईन. एक स्टार साईझपायी गेला आणि अर्धा वासापायी, दोन्हीचं पुढे सांगते.

आधी एक, नुसतं कामाच्या ताणाने डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखत असेल तर ही टोपी घ्यायची घाई करू नका, त्या दुखण्याला बऱ्याच जणांना मानेवर गरम शेकच बरा वाटतो. मी बोलतेय ती अर्धशिशीबद्दल, म्हणजे एका बाजूने ठणके, दोन जिने चढलं तरी वाढतं, उजेड नको, आवाज नको, आणि मळमळ तर असतेच. माझं डाव्या भुवईवरून सुरू होतं. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडायची, लेडीज डब्यात चार जणींचे चार परफ्युम, आणि त्यात संकष्टी असली तर बघायलाच नको. चंद्रोदय कधी साडेआठला कधी त्याच्याही पुढे, तोवर पोटात चहा आणि साबुदाणा. उपाशी राहणं हा माझा सगळ्यात पक्का ट्रिगर आहे, हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, मग धरू नकोस, गणपतीला डोकेदुखी कळते. मला वाटलं होतं वाद होणार.

आता टोपी. खरा फायदा गारव्यापेक्षा गारवा आणि अंधार एकत्र मिळण्यात आहे. आमच्या वन बीएचकेत पूर्ण अंधार करायला जागाच नाही, हॉलमध्ये टीव्ही, बेडरूमच्या खिडकीसमोर समोरच्या बिल्डिंगची ट्यूबलाईट. टोपी डोळ्यांवर ओढली की हा प्रश्न मिटतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं ठणका खरंच बोथट होतो, आणि वरून जो हलका दाब बसतो तोही बरा वाटतो. माझी आजी डोक्याला फडकं करकचून बांधून पडायची ते काय उगाच नाही. वीसेक मिनिटांनी जेल कोमट होतं, मग ती काढून टाकायची, ओलसर कोमट टोपी घालून पडून राहण्यात काही अर्थ नाही. आणि फ्रीझरमधून काढून डायरेक्ट कातडीवर लावू नका, आत जुन्या ओढणीचा एक पदर घ्या, नाहीतर कपाळ लाल होऊन चुरचुरतं. मानेच्या मागे जो भाग येतो ना, मला तरी कपाळापेक्षा तिथला गारवा जास्त लागू पडतो, म्हणून मी कधीकधी टोपी उलटीपालटी करून नुसती मानेखालीच घेते.

वासाचं ऐका. आमच्या फ्रीझरमध्ये कायम कोळंबी आणि सोडे. टोपी नुसतीच ठेवली आणि अटॅक आल्यावर नाकाडोळ्यांवर ओढली, पुढचं सांगायला नको. मायग्रेनमध्ये नाक कुत्र्याचं होतं. त्यामुळे झिप लॉकच्या पिशवीत, तीही दुहेरी, आणि फ्रीझरच्या दाराच्या बाजूला. नवी असताना टोपीला स्वतःचाही एक रबरी वास येतो, तो दोन-तीनदा हाताने धुऊन उन्हात न घालता सावलीत वाळवल्यावर गेला. मशीनला लावू नका, जेलचे कप्पे फुटतात. डोक्याला तेल लावून घालू नका, आतलं कापड तेलकट झालं की निघत नाही.

आणि बाम लावून तर अजिबात घालू नका. टोपी डोळ्यांवर येते, बाम पापणीला लागला की डोकं राहिलं बाजूला, डोळ्यांचीच आग. तसंही मला बामचा वास सहन होत नाही. आपल्याकडे घराघरात पिवळी बाटली असते, अमृतांजन तर १८९३ साली मुंबईतच सुरू झालेलं, तेव्हा बामला नावं ठेवणं म्हणजे पापच. पण एक समजून घ्या, बामातलं नाहीतर त्या रोल-ऑनमधलं मेंथॉल कातडी गार करत नाही, थंडी कळणारी नस असते तिला चाळवतं, म्हणून गार वाटतं. टोपीचा गारवा खराखुरा असतो. साध्या डोकेदुखीला कानशिलावर पेपरमिंटचं तेल चालून जातं, माझ्या ठणक्याला नाही.

आता जाहिरातीतल्या थापा. औषधाविना मायग्रेनपासून कायमची मुक्ती वगैरे जे लिहितात ते डोळे झाकून सोडून द्या. टोपीने अटॅक थांबत नाही, गोळीचा असर होईपर्यंतचा वेळ सुसह्य होतो, एवढंच. औषध न घेता सोडलं तर हे दुखणं ४ ते ७२ तास चालू शकतं आणि टोपी टिकते वीस मिनिटं, गणित तुम्हीच करा. न्यूरोच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं की अटॅकमध्ये पोटाचं कामच मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी नुसती पडून राहते, आणि म्हणूनच काहींना सोबत उलटीची गोळी देतात. थोडक्यात, ठणका चढायची वाट बघत बसायचं नाही. मला रिझाट्रिप्टान दिलीय, ती ट्रिप्टान ग्रुपमधली, म्हणजे अटॅक आल्यावर घ्यायची मायग्रेनची गोळी. या गोळ्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे हार्टचा त्रास असलेल्यांना किंवा ज्यांचं बीपी कंट्रोलमध्ये नाही त्यांना चालत नाहीत, तेव्हा माझं वाचून मेडिकलवाल्याकडे मागायला जाऊ नका. रोजची अटॅक कमी करणारी गोळी वेगळीच असते, प्रोप्रानोलॉलसारखी, ती पण दम्यावाल्यांना नको.

टोपीची खरी किंमत मला इथे वसूल झालेली वाटते. साध्या पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिक्स गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. आमच्या ऑफिसात अर्ध्या जणींच्या पर्समध्ये कॅफिनवाल्या मिक्स गोळ्यांची अख्खी स्ट्रीप असते, शेंगदाण्यासारख्या वाटतात एकमेकींना, आणि हे कुणाला माहीतच नाही. थोडंसं दुखतंय, ठणका नाहीये, अशा दिवशी गोळीऐवजी टोपी आणि झोप, एवढ्यावर भागलं तर गोळीचा एक दिवस वाचला. मी कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारते, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारीच. डॉक्टरांनी दर वेळी आधी तेच बघितलंय, एमआरआय नाही.

दूध-जिलेबीचं विचारणारे येतीलच खाली, म्हणून आधीच सांगते. सूर्योदयाच्या आधी खायची, आमच्या मावशीचा रामबाण. सकाळी उपाशीपोटी ज्यांचं दुखणं उठतं त्यांच्या पोटात लवकर काहीतरी जातं, तेवढ्यापुरता फरक पडत असेल कदाचित. शुगरवाल्यांनी नादाला लागू नये.

अचानक आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं दुखलं, ताप येऊन मान ताठ झाली, बोलणं अडखळलं, हातापायाची ताकद गेली, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवीन डोकेदुखी सुरू झाली, तर टोपी फ्रीझरमध्येच राहू द्या आणि हॉस्पिटल गाठा.

साईझचं शेवटी. फ्री साईझ लिहितात ते खोटं आहे. माझे केस दाट, अंबाडा घालून टोपी बसतच नाही, वेणी सोडून आडवं पडावं लागतं. नवऱ्याच्या डोक्याला इतकी आवळली की तो म्हणाला आत्तापर्यंत दुखत नव्हतं. विकणारे लोक हायजीनचं कारण देऊन रिटर्न घेत नाहीत, मी चॅटवर बरीच हुज्जत घातली, शेवटी शंभर रुपयांचं कूपन हातात टेकवलं. तेव्हा ऑर्डर करायच्या आधी भुवयांच्या वरून टेप फिरवून घेर मोजा आणि रिव्ह्यूमधले फोटो बघा. किंवा पैसे घालवायचे नसतील तर मेडिकलमध्ये साधी चौकोनी जेलची पिशवी शंभर-दीडशेला मिळते, दोन घ्या, ओढणीत गुंडाळून एक कपाळावर एक मानेखाली. ऑफिसच्या फ्रीजसाठी मी तशीच घेतलीय, वर मार्करने नाव टाकून, नाहीतर लोक डब्यातलं श्रीखंड गार ठेवायला वापरतात.