पळस फुलतो तेव्हाचा कॅमेरा: कॅनन पॉवरशॉट एसएक्स ७० एचएस

फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर पाने गाळून फुलतात आणि मधासाठी त्यांवर सूर्यपक्षी, बुलबुल, कोतवाल, भोरड्या यांची झुंबड उडते. पक्षी उघड्या फांदीवर बसलेले असतात आणि ऊन स्वच्छ असते. साध्या कॅमेऱ्याला याहून अनुकूल ऋतू नाही. हा कॅमेरा मी मुख्यतः याच दिवसांत वापरतो आणि हे परीक्षणही त्याच कामापुरते आहे.

२०१८ साली आलेल्या या ब्रिज कॅमेऱ्याची (दिसायला मोठ्या कॅमेऱ्यासारखा, पण लेन्स कायमची जोडलेली) लेन्स बदलता येत नाही, परंतु ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात तिचा पल्ला २१ ते १३६५ मिलिमीटर, म्हणजे ६५ पट आहे, आणि वजन सुमारे ६१० ग्रॅम. त्यामुळे काटेसावरीच्या शेंड्यावरचा पक्षी बुंध्याजवळ न जाता, त्याला न बुजवता टिपता येतो, आणि माझ्या मते हाच या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण आहे. झूम पूर्ण ताणल्यावर पक्षी चौकटीतून निसटला, तर एक बटण दाबून धरताच दृश्य रुंदावते, आणि पक्षी सापडल्यावर ते सोडले की झूम पूर्ववत होते.

मर्यादा सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीची आहे. तो केवळ १/२.३ इंची असून पूर्ण झूमवर लेन्सचे छिद्र एफ ६.५ पर्यंत आकसून प्रकाश कमी येतो, म्हणून दाट सावलीत आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवावा लागतो आणि पिसांची बारीक नक्षी पुसट होते. सकाळचे कोवळे ऊन हाच त्यावरचा उपाय. दुपारी प्रकाश विपुल असला, तरी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि लांबचे छायाचित्र मऊ येते. भिगवणला उजनीच्या काठावरून दूरचे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी टिपताना हे विशेष जाणवते, आणि तो दोष लेन्सचा नसून हवेचा असतो.

खरी कसोटी पळसाच्या रंगाची. थेट उन्हात त्याच्या केशरी पाकळ्यांतील लाल रंग इतका भरतो, की पाकळीवरची मखमल नाहीशी होऊन सपाट डाग उरतो. एक्स्पोजर (छायाचित्राचा उजेड) दोनतृतीयांश स्टॉपने, म्हणजे थोडेसे, कमी ठेवल्यास पाकळी सावरते, पण त्याच फुलावर बसलेला, विणीच्या पिसाऱ्यातला जांभळा सूर्यपक्षी नर मात्र निव्वळ काळा दिसू लागतो. अशा वेळी सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा, म्हणजे त्याची जांभळी-निळी झळाळी उजळते, आणि छायाचित्र रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जपणाऱ्या फाइलमध्ये घ्यावे, म्हणजे काळोखा भाग नंतर उजळता येतो. रॉची सोय असल्यामुळेच मी हा कॅमेरा स्वस्त पर्यायांपेक्षा सरस मानतो.

लेन्स अगदी रुंद ठेवल्यास शून्य सेंटिमीटरवरूनही फोकस होतो, परंतु इतक्या जवळ गेल्यावर लेन्सची सावली फुलावर पडते आणि फुलपाखरू उडून जाते. ते थोडे मागे राहून झूमनेच टिपावे. उडत्या पक्ष्यांचा पाठलाग करण्याइतका फोकस चपळ नाही. वेडा राघू मात्र कीटक पकडून बहुधा त्याच काडीवर परततो, तेव्हा त्या काडीवर फोकस धरून थांबणे अधिक फलदायी ठरते.

कंपनीच्या मोजणीनुसार एका बॅटरीत सुमारे ३२५ छायाचित्रे निघतात. सलग मालिका घेणाऱ्याने दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच विकत घ्यावी.