एडी९८५० मॉड्यूल: स्कोपवर देखणं, बाकी तपासून घ्या

बुधवार पेठेतल्या एका दुकानातून एडी९८५० चिपचं हे डीडीएस मॉड्यूल घेतलं, म्हणजे आकड्यांवरून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची लाट बनवणारा छोटा बोर्ड. चंदेरी डबीतला १२५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, दोन साइन आउटपुट, दोन स्क्वेअर. दुकानदाराने ७ मेगाहर्ट्झ लावून स्कोप (लाटेचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप) माझ्याकडे वळवला. "बघा काका, एकदम प्युअर!" लाट देखणी होती, वादच नाही. पण हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पटीवर येणारी भेसळ, मूळ सिग्नलच्या ४० डीबी (डेसिबल) खाली असेल तर व्होल्टेजमध्ये फक्त एक टक्का. तेवढा स्कोपवर कुणाच्या डोळ्याला दिसणार?

घरी टायनीएसए लावला, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारा छोटा मीटर. आधी १४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकवर, चांगलाच उंच सुळका आला. अशा वेळी मॉड्यूलला शिव्या घालायची घाई करू नये. मध्ये १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) टाकावा. दुसरा हार्मोनिक खरा असेल तर तोही १०च डीबी उतरतो. मीटरच्या आतल्या मिक्सरनेच (दोन सिग्नल मिसळणारा भाग) तो तयार केला असेल तर २०च्या आसपास. माझा बराचसा सुळका मीटरचाच निघाला. उरला तो ४५ डीबीच्या आसपास खाली. या किमतीत मी खूश आहे.

खरी गोम वेगळीच आहे. डीडीएसमध्ये हार्मोनिकखेरीज १२५च्या क्लॉकमधून मूळ फ्रिक्वेन्सी वजा होऊन आलेली प्रतिमाही असते. ३० मेगाहर्ट्झ मागा, ९५ वरही काहीतरी मिळतं, म्हणजे थेट एफएम रेडिओच्या पट्ट्यात! बोर्डावर ७० मेगाहर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्यावरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) आहे, पण साइनच्या दोन पिनांपैकी एकीलाच. दुसरी कच्ची. त्या कच्च्या पिनेवर ही प्रतिमा मूळ सिग्नलच्या जेमतेम १० डीबी खाली असते. कुठली पिन कुठली, हे ट्रॅक बघून ठरवा, दुकानात विचारून उपयोग नाही. आणि फ्रिक्वेन्सी वाढवली की आउटपुट उतरत जातं, तो मॉड्यूलचा बिघाड नव्हे.

सिग्नल जनरेटर किंवा रिसीव्हरचा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर) म्हणून बिनधास्त घ्या. ट्रान्समीटरला जोडायचं तर पॉवर अँपनंतर त्या बँडचा लो-पास फिल्टर हवाच. अँप स्वतःचे हार्मोनिक घालतो, तिथे मॉड्यूलची शुद्धता काही कामाची नाही.

नुसता मिक्सर चालवायचा असेल तर हे कशाला? एसआय५३५१ हा क्लॉक जनरेटर स्वस्त आहे, तीन आउटपुट देतो. त्याची लाट चौकोनी, तिसरा हार्मोनिक अवघा साडेनऊ डीबी खाली, पण डायोड मिक्सरला तेच आवडतं.