200 टक्के डाकोटा: दीड वर्षाचा अनुभव आणि आठ मिलिमीटरचं भांडण

मागच्या रविवारी मुरबाडच्या पुढे मित्राच्या शेतात माझ्या डाकोटाचा, म्हणजे त्या जुन्या दोन इंजिनी विमानाच्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेलचा, उजवा पाय उतरताना मागे दुमडला. लँडिंग वाईट नव्हतं. वारा समोरून होता, फ्लॅप (पंखाच्या मागच्या झडपा) खाली होते, चाकं नीट टेकली. दहा-बारा फूट धावल्यावर उजवी बाजू बसली, प्रॉप (पुढचा पंखा) तुटला आणि नॅसेलचा, म्हणजे पंखावरच्या मोटरच्या घराचा, तळ खरवडला गेला. घरी आणून उघडलं तर रिट्रॅक्ट, म्हणजे पाय आत-बाहेर करणारी यंत्रणा, शाबूत, स्क्रू जागच्या जागी. ज्या दोन लाकडी पट्ट्यांवर रिट्रॅक्ट बसतो, त्या पट्ट्याच खाचांतून निसटल्या होत्या. त्या खाचा दीड मिलिमीटर चुकलेल्या आहेत हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. म्हणून हे लिहायला बसलो. छोटा प्लॅन (भाग कापायचं ड्रॉइंग) मोठा करून विमान बांधायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी मोटर आणि बॅटरीच्या चौकशीआधी प्रिंटचा विषय नीट समजून घ्यावा.

थोडक्यात माहिती. मूळ प्लॅन 1/24चा, साडेसत्तेचाळीस इंची. खऱ्या डाकोटाचा विंगस्पॅन, म्हणजे पंखांचं टोकापासून टोकापर्यंतचं अंतर, 95 फूट 2 इंच. प्लॅन 200 टक्के केला की 1/12 होतो, म्हणजे खऱ्या विमानाचा एक फूट हा आपला एक इंच. हे इतकं सोयीचं पडतं की जुन्या फोटोवरून खिडकी, दार, अँटेना, कशाचंही माप तोंडी निघतं. दोन ब्रशलेस मोटर, सहा सेलची बॅटरी, इलेक्ट्रिक रिट्रॅक्ट. पंख तीन तुकड्यांत, कारण आठ फुटी वस्तू आमच्या वर्तकनगरच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरत नाही. खऱ्या डाकोटाचेही बाहेरचे पंख मधल्या भागाला बोल्टनेच जोडलेले असतात, त्यामुळे सांधा बरोबर त्याच जागी आला. रंग जुन्या एअर-इंडियाचा. 1946 साली टाटा एअर लाइन्सचं नाव बदलून एअर-इंडिया झालं, तेव्हा ताफ्यात डाकोटा होत्या. मला जंबोपेक्षा हेच विमान जास्त आपलं वाटतं.

आता प्रिंट. अर्धा पंखच 120 सेंटिमीटरच्या वर जातो, तो ए झिरो कागदावर बसत नाही. म्हणून 36 इंची रोलवर काढायचा. जुलै 2024 मध्ये ठाण्यातल्या एका दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात मी स्वतः दोन रेघा टाकल्या होत्या, लांबीच्या दिशेला 1000 मिलिमीटरची आणि रुंदीच्या दिशेला 600 मिलिमीटरची. हे प्रत्येकाने करावं, याला पैसे पडत नाहीत. घरी येऊन स्टीलची पट्टी लावली. लांबीची रेघ 1008 भरली, रुंदीची 604.

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊनच दुकानात गेलो. उत्तर मिळालं, "काका, रोज आर्किटेक्टचे ड्रॉइंग जातात, कोणी तक्रार करत नाही." मी म्हटलं, आर्किटेक्टचं ड्रॉइंग वाचायला असतं, माझं कापायला आहे. लाकूड त्या रेघेवर चिकटवून करवत चालवायची आहे. फाइल 'फिट टू पेज'वर गेली का ते बघा, नाहीतर मशीनचं कॅलिब्रेशन करा. तो म्हणाला, परत काढून देतो, पण पूर्ण पैसे पडतील. म्हणजे आणखी 840 रुपये. चूक त्यांची आणि भुर्दंड मला, हे मला मान्य नव्हतं. मी तोच कागद घेऊन घरी आलो आणि त्यावरच बांधायला लागलो. त्या वेळी मला ते तत्त्वाचं वाटलं होतं.

आठ मिलिमीटरने विमान पडत नाही, हे खरं आहे. विंगस्पॅन थोडा वाढला तर हवेला कळत नाही. त्रास होतो तो जिथे एका शीटवरचा भाग दुसऱ्या शीटवरच्या भागात अडकतो तिथे. माझ्या नॅसेलच्या बाजू कागदाच्या लांबीच्या दिशेने छापलेल्या होत्या आणि रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्या) रुंदीच्या दिशेने. रिट्रॅक्टच्या पट्ट्या दोन्हींतून आरपार जातात. नॅसेलवर दोन खाचांमधलं अंतर 180 मिलिमीटर, तिथे जवळपास दीड मिलिमीटर जास्त आलं. खाच रुंद करावी लागली, पट्टी त्यात हलू लागली. ती फट मी बाल्सा या हलक्या, मऊ लाकडाची चकती घालून, वर इपॉक्सी ओतून बंद केली. तिथे प्लायच हवा होता. बाल्सा दाबाखाली चेपत जातो, आणि प्रत्येक लँडिंगला तो थोडाथोडा चेपत गेला असणार. 43 उड्डाणं टिकलं.

प्लॅन मोठा करताना दुसरा घोटाळा खाचांच्या रुंदीचा. याबद्दल कोणी बोलत नाही. कागद दुप्पट केला की प्रत्येक खाचही दुप्पट होते. मूळ स्पार (पंखाचा लांब कणा) पाव इंची, तर खाच अर्ध्या इंचाची दिसते. आणि माणूस सरळ अर्ध्या इंचाचा स्पार घालतो. असं सगळीकडे केलं तर लांबी दुप्पट, पंखाचं क्षेत्रफळ चौपट आणि वजन आठपट. छोटं मॉडेल साधारण 900 ग्रॅमचं होतं, म्हणजे माझं 7.2 किलो झालं असतं आणि पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर 56 ऐवजी 113 ग्रॅम आले असते. म्हणून लाकडाची जाडी प्लॅनसोबत वाढवायची नाही. जिथे खरोखर ताण आहे, म्हणजे मधला स्पार, पायांची जागा, मोटरची भिंत, तिथेच वाढवायची. मी रिबच्या सगळ्या खाचा हाताने पुन्हा आखल्या. तीन आठवडे संध्याकाळी तेच काम होतं. शेवटी बॅटरीसकट वजन 6.1 किलो भरलं. या विमानातला मला सर्वात समाधान देणारा आकडा तोच आहे.

बाल्सा ऑनलाइन मागवला. 3 मिलिमीटरच्या, मीटरभर लांब, 10 सेंटिमीटर रुंद शीट एकाच पार्सलमध्ये 34 ग्रॅमपासून 71 ग्रॅमपर्यंत निघाल्या. दर मात्र सगळ्यांचा एकच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक शीट तोलून पेन्सिलीने वजन लिहून ठेवलं. जड शीट कापून स्पारच्या जाळीला, हलक्या वरच्या आवरणाला. फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) गोल भागाला सहज वाकणाऱ्या शीट, रिबला ताठ आणि ठिपकेदार रेषांच्या. ही निवड केली नाही तर विमानाच्या एका पंखात दुसऱ्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्त बसतात आणि नंतर शिसं चिकटवून भरपाई करावी लागते. ठाण्यात पावसाळ्यात शीट उघड्यावर ठेवू नयेत. मे महिन्यात 48 ग्रॅमची शीट जुलैत 51 भरली.

उडायला हे विमान सुंदर आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये पहिल्यांदा उडालं, तेव्हा दोन मोटरचा एकत्र घुमणारा आवाज ऐकून शेतावरचे गडी काम सोडून बांधावर आले. कमी वेगात पंखाचं टोक आधी उचल सोडून खाली पडेल अशी भीती होती. खऱ्या डाकोटाचा पंख मुळाशी 15 टक्के जाड आणि टोकाला फक्त 6 टक्के असतो. मॉडेलच्या कमी वेगाला इतकं बारीक टोक अचानक दगा देतं. मी टोक 10 टक्क्यांपर्यंत जाड केलं आणि दोन अंशांचा वॉशआउट दिला, म्हणजे टोक मुळापेक्षा तेवढं खाली पिळलं. आजवर एकदाही टोक पडलेलं नाही. पाय आणि फ्लॅप खाली सोडून समोरून हळू केलेला पास बघण्यासाठी मी पहाटे चारला उठतो. डाकोटाची चाकं आत घेतल्यावरही अर्धी बाहेर राहतात, हा त्या विमानाचा जुना गुण. रविवारी तोच कामी आला. पाय दुमडल्यावर विमान त्या अर्ध्या चाकावर घसरत गेलं, म्हणून मधला पंख वाचला.

एक तक्रार मात्र राहिली होती. डावा पंख उजव्यापेक्षा मुळाशी दोन मिलिमीटर रुंद आहे आणि सरळ जायला एलेरॉनला (पंखाच्या टोकाजवळच्या झडपेला) थोडा ट्रिम, म्हणजे कायमचा कल, द्यावा लागतो. हेही मी प्रिंटवाल्याच्याच खात्यावर टाकलं होतं. इथवर लिहून झाल्यावर नेमका आकडा द्यावा म्हणून काल रात्री जुना प्लॅन माळ्यावरून काढला आणि परत मोजला. लांबीची रेघ 1007. जवळपास तीच. रुंदीची रेघ मात्र 600 आणि अर्धा. जुलैत 604 होती. तीनदा मोजली.

मग लक्षात आलं. कागद म्हणजे लाकडाचेच तंतू. रोलच्या कागदात ते बहुतेक लांबीच्या दिशेने पडलेले असतात आणि ओल धरली की तंतू जाडीला फुगतात, लांबीला नाही. म्हणून कागद रुंदीला वाढतो. बाल्साची फळीही आडवीच फुगते. डाव्या पंखाच्या रिब मी जुलैत कापल्या, उजव्याच्या नोव्हेंबरमध्ये, त्याच कागदावरून. दोन मिलिमीटरचा फरक आला तो ठाण्याच्या पावसाळ्यामुळे. तेवढ्यापुरता मी दुकानदाराला चुकीचा दोष दिला. पुढच्या फेरीत त्याला तसं सांगणार आहे. पण लांबीचे सात मिलिमीटर मशीनचेच आहेत, आणि पाय मोडला तो त्या सातमुळे. त्याचे अर्धे, 420 रुपये, मी मागणार.

आता मधल्या भागाच्या आणि नॅसेलच्या दोन शीट दुसरीकडून पॉलिएस्टर फिल्मवर काढून आणल्या. दर कागदाच्या जवळपास तिप्पट, पण ती ओल धरत नाही. माझ्यासमोर मोजून दिल्या. लांबीला 1000 आणि थोडं, रुंदीला 600. सगळा प्लॅन फिल्मवर काढायची गरज नाही. एकमेकांत अडकणारे भाग तेवढे काढावेत. बाकीचे भाग कागदावर चालतील, फक्त एका दिशेच्या सगळ्या रिब एकाच आठवड्यात कापाव्यात.

उडवण्याबद्दल एवढंच. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 25 किलोपर्यंतच्या, फक्त हौसेने आणि नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानाला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या विमानाचं सरकारी मान्यतापत्र) लागत नाही, पण हवाई हद्दीचे नियम लागू आहेत. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूट उंचीची मर्यादा आहे, 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाहीच. पनवेलच्या पलीकडचं आमचं जुनं माळरान नवी मुंबई विमानतळामुळे गेलं. नकाशा बघूनच निघावं.

उजव्या नॅसेलमध्ये सुताराकडून आणलेल्या सागाच्या पट्ट्या घातल्यात, खाचेच्या दोन्ही अंगांना 3 मिलिमीटर बर्च प्लायचे तुकडे, आणि अर्ध्या तासाची इपॉक्सी. 38 ग्रॅम वाढले. पाय तोलबिंदूच्या पुढे असल्यामुळे बॅटरी थोडी मागे सरकवली. डाव्या बाजूच्या पट्ट्या निसटल्या नव्हत्या, तरी त्याही काढल्या. तिथेही बाल्साची चकती अर्धी चेपलेली होती.